आबांच्या हातची रेष

“चेंडू आत गेला होता का नव्हता? एवढंच सांग.”

आबांनी हे विचारलं बुधवारी. पण प्रश्न सुरू झाला होता रविवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी, कॉलेज फुटबॉलच्या फायनलमध्ये.

त्या मिनिटाला आपल्या गावच्या कॉलेजच्या पोरानं चेंडू मारला. नदीपलीकडच्या कॉलेजच्या गोलकीपरनं झेप घेऊन तो रेषेपाशी धरला. आणि पंचांनी हात हलवला. गोल नाही.

ते पंच म्हणजे आमचे हे. धैर्यशील.

यंदा पहिल्यांदाच मैदानाकडेला मंडपात टीव्ही ठेवला होता. वाद झाला तर पंचांनी तिथं जाऊन पुन्हा बघायचं आणि मग निकाल द्यायचा. हे गेले. बघितलं. टीव्हीवर चेंडू पांढऱ्या रेषेच्या पलीकडं गेलेला दिसत होता. मंडपातल्या सगळ्यांना दिसला.

हे परत आले आणि पुन्हा हात हलवला. गोल नाही.

एका गोलनं आपलं कॉलेज हरलं. लोक मैदानात घुसले. ह्यांना पोलिसांच्या गाडीतनं घरी आणावं लागलं.

तेव्हापासून तो व्हिडिओ गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरतोय. सोमवारी आमच्या दाराला कुणीतरी फुटक्या चष्म्यांची माळ अडकवली. दूधवाला म्हणाला, “वहिनी, दूध नीट बघून घ्या बरं का. तुमच्यात पांढरं दिसत न्हाई म्हणं.”

मंगळवारी दगड आला. खिडकीची काच फुटून पाळण्यात पडली. माझी मनू दीड वर्षाची. पाळण्यात नव्हती, माझ्या कडेवर होती. त्या वेळेपासून मी तिला खाली ठेवलं नव्हतं. झोपली तरी नाही.

मग स्पर्धा समितीच्या सेक्रेटरींचा निरोप आला. बुधवारी संध्याकाळपर्यंत कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं आणि ‘माझी चूक झाली’ असं म्हणायचं. नाहीतर पंच म्हणून परत मैदानात पाय ठेवायचा नाही.

हे म्हणाले, “चूक झालेलीच नाही. म्हणणार नाही.”

“मग गोल का दिला नाही ते तरी सांगा लोकांना.”

“तेही सांगणार नाही.”

मला मात्र सांगितलं होतं. रविवारीच. आणि सांगून झाल्याबरोबर माझा हात धरून मनूच्या डोक्यावर ठेवला होता. लेकीची शपथ. हे स्वतः ‘सुटली’ म्हणेपर्यंत मी तोंडातनं शब्द काढायचा नाही.

दगड काय, आज ना उद्या थांबले असते. पण लेकीच्या डोक्यावरचं ते ओझं मला गिळू देईना, झोपू देईना. जरा शिंकली तरी वाटायचं, माझ्या मनात बोलायचं आलं म्हणूनच शिंकली.

म्हणून बुधवारी मीच म्हणाले, आबांकडं चला.

रंगराव आबा म्हणजे ह्यांचे गुरू. ह्यांच्या हातात पहिली शिट्टी दिली ती त्यांनी. आता वय झालंय, पंचगिरी सोडलीय. पण आमच्याकडं रीत आहे. मैदानाच्या बाकीच्या रेषा पोरं दोरी लावून मारतात. फायनलच्या दिवशी गोलच्या रेषा मात्र आबांच्या हातच्या. नारळ फुटतो. आबा मुठीत पांढरी फक्की घेतात आणि एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत मागं मागं चालत रेष सोडत जातात. दोरी न लावता. टाळ्या पडतात.

आबांना दोरी लावा म्हणायची कुणाची छाती नाही.

आबा अंगणात बाजेवर बसले होते. दोन्ही हातांनी पेला धरून चहा पीत होते.

“ये. काय रं, गावानं चष्मा दिला म्हणं तुला?”

“दिलाय. नंबर जुळत नाही.”

आबा हसले. मग पेला खाली ठेवला आणि तो प्रश्न विचारला. चेंडू आत गेला होता का नव्हता?

“नव्हता,” हे म्हणाले.

“टीव्हीवर बघून आलास?”

“आलो.”

“तरी गोल न्हाई?”

“बघितलं म्हणूनच नाही.”

आबांनी भुवया वर केल्या.

“मला कोडी घालू नकोस. कशावरनं न्हाई म्हणतोस?”

“तुम्हीच शिकवलंय. गोल बघताना दोन खांब बघायचे. खांबांच्या मधनं चेंडू पुरता पार झाला, तरच गोल.”

“बरोबर. आणि पुढं काय शिकवलं होतं, धैर्या?”

“विसरलो.”

“माझा पंच, आणि विसरतो?” आबांचा आवाज चढला. “मग समितीचं खरं हाय. गुर्मी चढली तुला. टीव्ही दाखवतोय, गाव दाखवतंय, आणि तू खांब खांब करत बसलायस. जा, उभा राहा कॅमेऱ्यापुढं आणि चूक झाली म्हण.”

“नाही म्हणणार.”

“मी सांगतोय.”

“तुम्ही सांगितलं तरी नाही.”

मी ह्यांच्याकडं बघितलं. मान खाली होती, पण आवाज हलला नव्हता. आबांसमोर हे असं बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

आबा उठले. “मग माझ्या अंगणात कशाला आलास?”

हे वळले. “चल,” मला म्हणाले.

मी नाही हलले.

“आधी सुटली म्हणा,” मी म्हणाले.

“घरी चल.”

“घरी काच पडलीय. सुटली म्हणा, मग कुठंही येते.”

“इथं नको…”

“लेकीची शपथ घालताना मला विचारलं होतं का, इथं घालू का तिथं घालू?”

आबा थांबले. “कसली शपथ?”

मनू माझ्या मंगळसूत्राशी खेळत होती.

“सूनबाई, कसली शपथ?”

“मला बोलता येत नाही, आबा.”

“आणि तू?”

हे जमिनीकडं बघत राहिले.

मग मी माझा मोबाईल काढला. तो व्हिडिओ माझ्याकडंही आला होता, माझ्या सख्ख्या भावानं पाठवला होता, खाली हसरी तोंडं टाकून. मी तो लावला. चेंडू गोलकीपरच्या हातात गेला तिथं थांबवला आणि मोबाईल आबांच्या हातात दिला.

“नको,” हे म्हणाले.

“मी बोलले का काही?”

आबांनी मोबाईल डोळ्यांजवळ धरला. “दिसतोय की. चेंडू रेषेच्या पलीकडंच हाय. खांब कुठायत?”

खांब दिसतच नव्हते. कॅमेरा जवळ लावला होता. नुसता चेंडू, गोलकीपर आणि पांढरी रेष.

मी बोट ठेवलं. चेंडूवर नाही, रेषेवर. रेषेच्या एका टोकापासून बोट सरकवत नेलं. मधोमध आलं तसं बोट मैदानाच्या बाजूला सरकलं. मग पुन्हा सरळ झालं.

आबांनी माझ्या बोटाकडं बघितलं. मग त्यांनी स्वतःचं बोट ठेवलं आणि तेच केलं.

पुन्हा एकदा केलं.

“कॅमेरा तिरका असंल,” शेवटी म्हणाले.

“असेल,” हे पटकन म्हणाले.

“तू गप बस.”

आबा पायरीपाशी गेले. पायरीखाली फक्कीचा डबा असतो. अंगणात दोन बांबू रोवलेत, गल्लीतली पोरं त्यांनाच गोल म्हणतात. हेही तिथंच शिकले.

आबांनी मुठीत फक्की घेतली.

“आबा, राहू द्या,” हे पुढं झाले. “वारं आहे.”

“वारं न्हाई. मागं हो.”

हे मागं झाले.

आबा पहिल्या बांबूपाशी वाकले. आणि मागं मागं चालायला लागले. मुठीतनं पांढरी धार पडत होती. मला त्यांचा हात दिसत होता. मघाशी पेला दोन्ही हातांनी का धरला होता, ते मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या बांबूपाशी ते पोचले. टाळ्या वाजवायला तिथं कुणी नव्हतं.

आबा बांबूच्या मागं गेले, एक डोळा मिटला, आणि या बांबूवरनं त्या बांबूकडं बघितलं.

रेषेला पोट आलं होतं. मधोमध वीतभर.

हे तिथं उभे होते, पण रेषेकडं बघत नव्हते. आबांकडंही नाही. पलीकडं जास्वंदीकडं बघत होते.

“कधी दिसलं तुला? टीव्हीवर?”

“मैदानात कळलं होतं, चेंडू खांबांच्या अलीकडंच आहे म्हणून. पण तो पांढऱ्याच्या पलीकडं कसा, ते कळेना. टीव्हीवर बघितलं तेव्हा कळलं.”

“मग तिथंच का बोलला न्हाईस? रेष तिथंच होती. दाखवायची.”

“पाच मिनिटांत लोक घुसले. रेष राहिलीच नाही.”

“घुसायच्या आधी का न्हाई बोललास, धैर्या?”

“तुमच्या हातची रेष आहे, आबा.” ह्यांचा आवाज पहिल्यांदाच फुटला. “सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवतं. त्या मैदानात मी माईकवर सांगू, की आबांचा हात…”

मनू एकदम ‘आबा’ म्हणाली. नवीनच शब्द आलाय तिला, कुणालाही म्हणते.

आबा बाजेवर बसले. हात मांडीखाली दाबून धरले. मला वाटलं आता रडतील. रडले नाहीत.

“गाव अंगावर आलं तरी वाकला न्हाईस,” ते म्हणाले. “टीव्हीपुढं वाकला न्हाईस. आत्ता मी म्हणालो चूक कबूल कर, तरी वाकला न्हाईस. आणि एका रेषेपुढं वाकलास.”

“रेषेपुढं नाही. गुरूपुढं.”

“शिट्टी गळ्यात असली की पंचाला गुरू नसतो.”

ह्यांचा हात शर्टाच्या गळ्याशी गेला.

“आणलीस का शिट्टी?”

“गळ्यात आहे.”

“वाजव.”

“कशाला?”

आबांनी पायानं अंगणातली रेष दाखवली. “चूक डोळ्यापुढं हाय. पंच काय करतो?”

“आबा, मला नाही जमणार.”

“मग दे इकडं काढून. समितीला तरी कशाला त्रास?”

हे शिट्टीवर मूठ धरून उभे राहिले. मी त्यांना चार वर्षं ओळखते, दगड आला तेव्हाही त्यांचं तोंड असं झालं नव्हतं.

मग त्यांनी शिट्टी तोंडात घातली.

वाजवली.

मनू दचकली आणि माझ्या खांद्यात तोंड खुपसलं. शेजारचं कुत्रं भुंकलं. कुंपणावरनं एक बाई डोकावून गेली.

“मोठ्यानं,” आबा म्हणाले.

ह्यांनी पुन्हा वाजवली. या वेळी आबांच्या डोळ्यांत बघून. गल्लीच्या टोकापर्यंत गेली असेल.

“हां,” आबा म्हणाले. “आता सुटली म्हण. कोमेजल्यात बघ, आई आणि लेक दोघी.”

ह्यांनी मनूच्या डोक्यावर हात ठेवला.

“सुटली.”

मी मंगळवारपासून पहिल्यांदा तिला खाली ठेवलं. ती दुडूदुडू फक्कीपर्यंत गेली आणि पांढरे हात करून बसली.

“आता मी सांगते लोकांना,” मी म्हणाले. “एकेकाच्या दारात जाऊन सांगते. त्या दूधवाल्यापासनं सुरुवात करते.”

“तू न्हाई,” आबा म्हणाले. “त्यानंही न्हाई. ज्याचा हात, त्यानं.”

“आबा, लोक हसतील,” हे म्हणाले. “पुढच्या फायनलला तुम्हाला रेष मारू देणार नाहीत.”

“दोरी लावून मारीन. तरी न्हाई दिली, तर पोरं मारतील.”

“पण तुमचं नाव…”

“धैर्या. पुढं काय शिकवलं होतं?”

“खांब बघ,” हे हळूच म्हणाले. “रेष माणूस मारतो.”

आबांनी मान डोलावली. टोपी नीट केली. बाजेवरनं उठले आणि त्या पोट आलेल्या रेषेच्या मागं, दोन बांबूंच्या मधोमध उभे राहिले. या वेळी हात लपवले नाहीत. समोर धरले, थरथरत होते तसेच.

“सूनबाई, मोबाईल धर. मी दिसतोय? रेष दिसतेय? आणि दोन्ही बांबू आले पायजेत, समितीच्या कॅमेऱ्यासारखं करू नकोस.”

“आले, आबा.”

“लाव मग.”

मी लावला.

“मी रंगराव. फायनलची रेष माझ्या हातची, आणि ती वाकडी होती. गोल झाला न्हाई. पंचाच्या घरावर दगड टाकणाऱ्यानं पुढचा दगड माझ्या दारात आणून टाकावा, मी बाहेरच बसलोय. आणि तो पहिला व्हिडिओ ज्यानं ज्यानं पुढं पाठवला, त्यानं हाही पाठवायचा… तेवढ्याच लोकांना.”