आदरार्थी बहुवचन

"...पण होतच नसेल, तर माणसानं करायचं काय, बाई?"

पाळक प्रबोध उजागरे ओसरीच्या पायरीवरच उभा होता. हातात चर्चच्या मंडळीच्या पंचांना लिहिलेला राजीनामा होता.

रूथबाईंनी मान वर केली नाही. नाताळ चार दिवसांवर आलेला. ओसरीवर सहा-सात बायका करंज्या करायला बसल्या होत्या आणि लाटणं बाईंच्या हातात होतं. प्रबोधला लहानपणी रविवारच्या शब्बाथशाळेत शास्त्र शिकवलं ते याच बाईंनी. आता वय ब्याऐंशी, पण जिभेची धार तीच.

"काय होत नाही, पाळकसाहेब?"

"आनंद."

लाटणं थांबलं.

प्रबोधची बायको करुणा जाऊन चार महिने झाले होते. कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हापासून त्यानं कुणाचा डबा घेतला नाही, कुणाला उंबरा ओलांडू दिला नाही. मेंढपाळच रडायला लागला, तर मेंढरांनी कुणाच्या तोंडाकडे बघायचं, असं त्याचं म्हणणं. रविवारी कोरड्या डोळ्यांनी उपदेश करायचा आणि घरी येऊन कडी लावायची. गाव म्हणे, काय धीराचा माणूस! धीर कसला, आतून पार पोखरला होता बिचारा.

"शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, आनंद करा," तो म्हणाला. "रोज पहाटे गुडघे टेकतो. स्वतःला बजावतो, आनंद करा. चार महिने झाले, बाई. ज्याला स्वतःला जमत नाही, त्यानं लोकांना कुठल्या तोंडानं सांगायचं? पंचांच्या आधी तुम्हाला कळवावं, म्हणून आलो."

बाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"स्वतःला काय बजावता म्हणालात?"

"आनंद करा."

"स्वतःला अहो-जाहो करता?"

करंज्यांना मुरड घालणाऱ्या एस्तेरला हसू फुटलं. तिनं पदर तोंडाला लावला. प्रबोधचे कान तापले.

"शास्त्रातच तसं आहे, बाई. 'करा' असंच आहे."

"आहे ना. मूळ शास्त्र वाचायला तीन वर्षं ग्रीक शिकून आलात आणि मराठीत अडकलात होय? ते 'करा' मानाचं आहे, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

'आनंद करा' हे वचन शास्त्रातल्या एका पत्रातलं. ते पत्र कुणाला लिहिलं होतं, हे शाळकरी पोरानंही सांगितलं असतं. कुणा एकाला नव्हे, अख्ख्या मंडळीला. आणि हा शहाणा चार महिने तो मान एकटाच घेत बसला होता.

बाईंनी लाटलेली पारी पुढे सरकवली. दुसरीनं सारण भरलं, तिसरीनं कडेला दूध लावलं, एस्तेरनं मुरड घातली. एकटीनं करायला बसलं की पारी वाळते, कड चिकटत नाही आणि करंजी तेलात फुटते. म्हणून त्या गावात करंज्यांना कुणी एकटी बसत नसे.

प्रबोध एस्तेरकडे बघत राहिला. दीड वर्षापूर्वी तिचा नवरा विहिरीत पडून गेला होता. प्रेतक्रियेची प्रार्थना यानंच केली होती.

"एस्तेर... तुला होतो आनंद?"

"मला कुठला व्हतोय, पाळकसाहेब!" ती मुरड घालता घालता म्हणाली. "गेल्या नाताळात तर घास गिळत नव्हता. माझ्या वाटचा ह्या बायांनीच केला. माझ्याच दारात बसून गाणी म्हनल्या. मी शिव्या दिल्या, तरी उठल्या न्हाईत."

"आणि यंदा?"

"यंदा हाय थोडा. म्हनलं, तुमच्या वाटचा करावा. दोनदा आले डबा घिऊन." तिनं करंजी ताटात ठेवली. "तुम्ही कडीच काढली न्हाई..."

प्रबोध पायरीवर खाली बसला. आवरायचा त्यानं पुष्कळ प्रयत्न केला, पण आवरलं नाही. चार महिन्यांचं रडू सहा-सात बायांच्या देखत बाहेर पडलं, आणि कागद गुडघ्यावर भिजत राहिला.

कुणी त्याला समजावलं नाही. एस्तेर तेवढी जरा सरकली आणि शेजारी एका माणसाची जागा झाली.

रूथबाईंनी नवी पारी लाटून त्या जागेपुढे ठेवली.

"हात धू, प्रबोध," त्या म्हणाल्या. "पारी वाळतेय."