रांजणात ठेवलेले तीन शब्द

एकदा काय झालं, एका अख्ख्या गावाचं बोलणंच चोरीला गेलं.

गाव होतं खाडीकाठी. घरं मोजून चाळीस, भातशेती खोलगट, आणि खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा लांबच लांब बांध. त्या बांधाची राखण करायची सकवार नावाची एक बाई. खेकडे बांधाला भोकं पाडायचे, सकवार ती चिखल-पेंढ्याने बुजवायची. खेकड्यांना दुसरा उद्योग नाही आणि हिलाही नाही. उधाण आलं की ती तीन हाका द्यायची, बरं का. पाणी बांधाला लागलं की ‘आलं’. काठाशी पोचलं की ‘चढलं’. आणि बांध खचायला लागला की ‘पळा’. तिसरी हाक ऐकली की चुलीवरचा भात चुलीवर ठेवून माणसं टेकडी गाठायची.

मग आला राक्षस. त्याला माणसं खायची नव्हती, त्याला मेल्याला नुसतं झोपायचं होतं, आणि गावात बडबड फार. त्याने एक मोठा रांजण आणला, एकेकाला त्यावर वाकवलं, आणि सगळ्यांचं बोलणं काढून आत टाकलं. वर झाकण. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हाच. सात वर्षं गाव मुकं राहिलं. सकवारला त्यातच लेक झाली, गजरी. पण तिला साधी अंगाई म्हणता आली नाही, याचं सकवारला फार दुःख होतं.

सकवारचा भाऊ हिरोजी. छातीचा माणूस, खोटं कशाला बोलू? एक दिवस राक्षस घोरत असताना तो दबकत गेला आणि त्याने झाकण उचललं. सात वर्षांचं तुंबलेलं बोलणं एकदम बाहेर आलं. राक्षस कानांवर हात ठेवून जो समुद्रात शिरला, तो अजून वर आलेला नाही.

गावाने हिरोजीला खांद्यावर घेतलं. त्याने मंडळ काढलं, नाव ठेवलं मोकळी मंडळी. सगळं छान झालं, फक्त एक राहिलं. रांजण फोडायचा राहिला. हिरोजी म्हणाला, आठवण म्हणून असू दे. मग तो चावडीवर मांडला, त्याला हार घातला. इथेच घोडं पेंड खातं, बाळांनो.

थोड्या दिवसांनी हिरोजीला वाटलं, राक्षसाला आपण मनातल्या मनात ‘मालक’ म्हणायचो, तो शब्द आता कशाला हवा? टाका रांजणात. लोक हसत हसत रांगेत उभे राहिले. एकेकाने वाकून आत ‘मालक’ म्हटलं, आणि शब्द जिभेवरून गेला तो गेलाच. सकवारही गेली. तिला हलकं वाटलं.

मग पावसाळा सरला. हिरोजीला वाटलं, राक्षस उठता बसता ‘नाही’ म्हणायचा. मोकळ्या माणसाच्या तोंडी ‘नाही’ शोभतं का? पुन्हा रांग लागली. या वेळी लोक थोडे कमी हसले. पण रांगेत न जावं तर शेजारी म्हणणार, हिला राक्षसाची आठवण येते वाटतं. सकवारनेही ‘नाही’ टाकलं. घरी येऊन गजरीला म्हणायला गेली, विस्तवाला हात लावायचा नाही, तर पुढचा शब्दच येईना. पोरीने हात लावला आणि बोट भाजून घेतलं.

मग आला तिसरा शब्द. हिरोजी म्हणाला, जन्मभर आपण पळत आलो. मोकळा माणूस पळत नसतो. तेव्हा ‘पळा’ टाका.

आता मात्र सकवार तडक भावाकडे गेली. म्हणाली, “दादा, मग बांध खचला तर मी हाक काय देऊ?”

हिरोजी प्रेमळच होता हो. तो म्हणाला, “चांगलं काहीतरी म्हण, सकू. पाणी भेटायला आलंय, चला, असं म्हण.”

तिला म्हणायचं होतं ते जिभेवर नव्हतंच. तिने नुसती मान हलवली. हिरोजीला वाटलं, पटलं हिला. मग रांगेत तिला सगळ्यांत पुढे उभं केलं, राखणदारीण ना ती, मान मोठा.

आली अवसेची भरती, भर दुपारी. पाणी बांधाला लागलं. सकवारने हाक दिली, ‘आलं’. गावाने ऐकलं. पाणी काठाशी पोचलं. ‘चढलं’. गावाने तेही ऐकलं. तेवढ्यात एका जुन्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडाली आणि माती ढासळू लागली. सकवारने तोंड उघडलं. आवाज आला, शब्द आला नाही. तिने हात हलवले, तर चावडीवरच्या लोकांनीही हसून हात हलवले. शेवटी जे शिकवलं होतं तेच ती ओरडली.

“पाणी भेटायला आलंय, चला!”

आणि लोक निघाले की! बायकांनी ताटात हळदकुंकू घेतलं, पुरुषांनी नारळ घेतले, पोरांना न्हाऊमाखू घातलेलं. सगळे वाजतगाजत बांधाकडे. सगळ्यांच्या पुढे हिरोजी, आणि त्याच्या खांद्यावर कोण? गजरी. टाळ्या वाजवत होती कार्टी.

सकवारने ते पाहिलं, चिखलाचं फावडं उचललं आणि लोकांच्या दिशेने धावत सुटली. लोक म्हणाले, अगं, पाणी तिकडे, तू इकडे कुठे? ती थांबली नाही. चावडीवर गेली, हार ओरबाडला आणि रांजणावर फावडं घातलं.

पहिल्या घावाला ‘मालक’ बाहेर पडला. तो तिथेच गडगडत राहिला, कोणी उचलला नाही. दुसऱ्या घावाला ‘नाही’ आला आणि भुर्रकन ज्याच्या त्याच्या तोंडात शिरला. तिसऱ्या घावाला रांजणाच्या ठिकऱ्या झाल्या, आणि ‘पळा’ जो उडाला तो थेट हिरोजीच्या जिभेवर. तोच आधी ओरडला. गजरीला छातीशी धरून तोच सगळ्यांत आधी पळाला. त्याची एक वहाण चिखलात राहिली ती राहिलीच.

सगळे टेकडीवर पोचले आणि मागे बांध गेला. शेतं खारी झाली, नारळ तरंगत राहिले, पण माणूस एकही गेला नाही. सकवार गजरीला मांडीवर घेऊन खूप रडली.

पाणी ओसरल्यावर गावाने पुन्हा बांध घातला. तिसऱ्या वर्षी भात पिकलं. मग एक दिवस हिरोजी जरा चाचरत म्हणाला, “आठवण म्हणून एक नवा रांजण आणू या का? लहानसाच.”

“नाही,” सगळं गाव एकदम म्हणालं. हिरोजीलाही हसू आलं. त्यानंतर ती चाळीस घरं सुखाने नांदली, आणि भांडलीसुद्धा, पोटभर.

झाली गोष्ट. मिटा आता डोळे. काय? ‘नाही’ म्हणता? म्हणा हो, खुशाल म्हणा. पण पांघरुणात शिरून म्हणा.