मागून न मिळणारं प्रेझेंट

हेमांगीने हजेरीचा पहिला नंबर पुकारला आणि कुणीच ‘प्रेझेंट’ म्हणालं नाही. पाचव्या नंबरापर्यंत भरलेला वर्ग तोंडावर हात धरून नुसता खुसखुसत होता. शरमेने तिचे कान तापले. तेवढ्यात, नव्या बाईंना नोकरीत कायम करायचं का ते बघायला आलेले प्राचार्य दारातूनच गरजले, “इंग्रजीच्या बाई ना तुम्ही? पोरांकडून एक ‘प्रेझेंट’ काढता येत नाही?”

दचकून तिच्या हातातला पेन पडला. तो उचलता उचलता ती कशीबशी म्हणाली, “सर, प्रेझेंट म्हणजे हजर, तशी भेटसुद्धा. आणि भेट काही मागून घ्यायची नसते.”

वर्गातलं हसू विरलं, माना खाली गेल्या. हेमांगीने हजेरीपट मिटला.

पहिल्या बाकावरची मुलगी उभी राहिली. “रोल नंबर एक, प्रेझेंट, मॅडम.”