भुईत राहिलेलं मूळ

"अळंबी वरूनच का खुडायची? मूळ का नाही काढायचं?"

फार जुन्या काळी, रानाला लागून असलेल्या एका गावात, एक मुलगा ज्याला त्याला हे विचारायचा. म्हातारे हसायचे. बाया म्हणायच्या, "आधी याची जीभ खुडा!" उत्तर मात्र कुणीच दिलं नाही. गावाची रीतच तशी होती. देठ चिमटीत धरायचा, नखाने तोडायचा, मूळ भुईला ठेवायचं. रानात खुरपं न्यायचं नाही.

मुलाला मिसरूड फुटलं, तरी प्रश्न तसाच राहिला. घरात आई होती आणि थोरली बहीण.

एका श्रावणात बहिणीने टोपलीभर अळंबी आणली. तिच्यात काही बारक्या, पांढऱ्याशुभ्र होत्या.

"ताई, या कुठल्या गं?"

"वारुळाच्या जरा पलीकडच्या, झाडाखालच्या."

"मूळ बघितलंस?"

"झालं याचं सुरू! अरे शहाण्या, रश्शात हळद टाकलीय. काळी पडली का? नाही ना? मग चांगलीच की. खायचं तर खा, नाहीतर ऊठ!"

तो तापट होता. ताट सरकवून उठला आणि शेतातल्या माळ्यावर जाऊन उपाशीच झोपला.

सकाळी परतला, तर दोघी ओकून ओकून गळून गेलेल्या. दुसरा दिवसही तसाच गेला. तिसऱ्या दिवशी मात्र दोघी उठून बसल्या. बहीण हसली. "काय रुसूबाई, गेला का राग? आता आम्हाला पेज तरी करून घाल."

त्याने आनंदाने चूल पेटवली. पेज उकळली तेव्हा बहिणीचे डोळे पिवळे झाले होते. आई त्याला ओळखेना. दिवस मावळायच्या आत दोघी गेल्या. पेज चुलीवरच राहिली.

स्मशानातून परतल्यावर तो घरी थांबलाच नाही. आईचं खुरपं घेतलं आणि रानात धावला. बहिणीने जिथे जिथे खुडलं होतं, तिथे तिथे उकरलं. वारुळातल्या नेहमीच्या अळंबीचं मूळ उंदराच्या शेपटीसारखं लांब, खोल गेलेलं. झाडाखालचं मूळ मात्र एका पांढऱ्या वाटीत बसलेलं, अंड्याच्या अर्ध्या टरफलासारख्या. वरून देठ सारखेच. सगळा फरक भुईत होता.

त्याने दोन्ही मुळं गावच्या पारावर आणून ठेवली.

"म्हातारबा, ही वाटी माझ्या ताईला दिसली असती तर?"

सगळ्यांत वयस्कर म्हाताऱ्याने ती वाटी तळहातावर घेतली. "पोरा, आम्ही कधी उकरलंच नाही रे."

"मी विचारलं होतं," तो म्हणाला.



पुढच्या श्रावणात बाया टोपल्या घेऊन निघाल्या, तेव्हा रानाच्या तोंडाशी एका फांदीला त्याच्या आईचं खुरपं टांगलेलं दिसलं. त्याला नवी मूठ बसवलेली होती. कुणी रीत मोडल्याची ओरड केली नाही. पहिलीने ते काढून घेतलं, अळंबी मुळासकट उकरली, माती झटकून पाहिली आणि मगच टोपलीत टाकली. परतताना खुरपं पुन्हा जागेवर लावलं.

खुरपं तिथे टांगणं, हे आईसाठी आणि ताईसाठी त्याने केलेलं शेवटचं काम.

ज्या रीतीचं कारण कुणालाच सांगता येत नाही, ती पाळण्याआधी उकरून पाहावी.