धनेशिणीचा पत्ता

फार पूर्वी रानात कुणाचा पत्ता हवा असला, तर त्याच्या झाडावर जावं लागे. दोन उंबरं खाऊन, चार गप्पा मारून मगच तो मिळे. पुढे कोळ्याने झाडाझाडांतून एक धागा ताणला. "एकदा चोच लावा," तो म्हणाला, "तुमचं नाव-गाव रानभर पोहोचेल."

धनेशाने लगेच चोच लावली. त्याची बायको बेहड्याच्या ढोलीत अंडी उबवत बसली होती. धनेशांच्या रीतीप्रमाणे ढोलीचं तोंड चिखलाने लिंपलेलं होतं आणि उरलेल्या फटीतून तोच तिला भरवत असे. "आता मी नसलो तरी काळजी नाही," तो तिला म्हणाला. "आपला पत्ता सगळ्यांकडे आहे."

एके दिवशी गरुडाने धनेशाला मारलं. बातमी धाग्यावरून रानभर गेली. तांबट पक्षी हळहळला, "बिचारी! साळुंकी गेली असेलच तिच्याकडे." साळुंकी म्हणाली, "तांबट तिथून जवळ राहतो, तो बघेल."

ढोलीतली हाक बारीक होत गेली, मग थांबली.

शेवटी कोळीच तिथे पोहोचला. फटीतून धनेशिणीची उघडी चोच बाहेर आलेली होती. तो परतला आणि धागा तोडू लागला.

"अरे, थांब!" साळुंकी ओरडली. "तोडलास तर आम्हाला तिचं घर सापडणार कसं?"