राजाच्या माठातलं ऊन पाणी

तांबगडच्या राजवाड्यात माठातलं पाणी गार होईना.

माठ नवे, पाणी आडाचं, जागा सावलीची. तरी पाणी असं, की त्यात डाळ शिजायला घालावी. चंडप्रताप राजे एक घोट घेत, गुळणी टाकत आणि तांब्या सटवा पाणक्याच्या अंगावर भिरकावत. सटवा आता तांब्या चुकवण्यात इतका तरबेज झाला होता, की दरबारी मंडळी ते बघायला वेळेवर येऊन बसत.

शेवटी राजा गरजला, "हा कुणातरी एकाचा गुन्हा आहे. मला तो एक हवाय."

सटव्यानं लखू कुंभाराकडं बोट दाखवलं. लखूला बोलावणं गेलं. पाणी का तापतं ते लखूला पक्कं ठाऊक होतं, पण राजापुढं ते उच्चारायला त्याची जीभ धजेना. "मातीत... म्हणजे माती आहे, पण मातीत..." एवढंच तो करत राहिला.

"तीन दिवस देतो," राजा म्हणाला. "गुन्हेगार आणून उभा कर. एकच. दोन नकोत, सबबी नकोत. नाहीतर तुझं चाक फोडीन आणि तुम्हा सगळ्यांना वेशीबाहेर घालवीन."

लखू घरी येऊन भिंतीला टेकून बसला. त्याची सून चिमा लेकीला कडेवर घेऊन समोर आली.

"मामंजी, चाक गेलं तर आपण खायचं काय? पाणी गार का होत नाही, ते तरी सांगा."

"लीद नाही ना घातली."

माठाच्या मातीत घोड्याची लीद कालवायची, ही तिथल्या कुंभारांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. भट्टीत लीद जळून जाते, माठाला बारीक बारीक छिद्रं राहतात. त्यातून पाणी पाझरतं आणि माठ गार राहतो.

"मग घाला की लीद."

"कुठून घालू? तीन महिन्यांमागं हुकूम निघाला, पागेतली लीद बाहेर न्यायची नाही. घोडे सांभाळणारा हैबती मोतद्दार मूठभर देत नाही."

"आणि हे तुम्ही दरबारात बोलला नाहीत?"

"काय बोलू, पोरी? की महाराज, तुम्ही जन्मभर लिदीच्या माठातलं पाणी पीत आलात?"

"मग गुन्हेगार हैबती?"

"त्यानं हुकूम पाळला."

"मग हुकूम देणारा?"

लखूनं उठून दार लावलं. "हळू बोल."

चिमा लेकीला थोपटत राहिली. "मागच्या आठवड्यात ही सारखी रडत होती. सासूबाई म्हणाल्या, दृष्ट लागली. शेजारीण म्हणाली, दात येतायत. आणि निघालं काय? मी पावट्याची उसळ खाल्ली होती. नुसतं हिच्याकडं बघत बसले असते, तर कळलं असतं का? मामंजी, दरबारात मी येते."

तिसऱ्या दिवशी राजानं विचारलं, "आणला गुन्हेगार?"

"आणलाय महाराज," लखूच्या पुढं होत चिमा म्हणाली, "पण जरा लांबलचक आहे. ओढून ओढून बाहेर काढावा लागेल. सटवाभाऊ, पुढं या. माठात पाणी किती वेळ ठेवता?"

"घटकाभर. मग ओततो आणि ताजं भरतो. तांब्या बसायची भीती."

"म्हणजे गार व्हायला सवडच नाही."

"सापडला!" राजा ओरडला.

"थांबा महाराज, ही नुसती शेपटी. सटवाभाऊ, मामंजींचा हात धरा. मामंजी, आता सांगून टाका."

लखूनं डोळे मिटले आणि सांगून टाकलं. राजाचा हात आपोआप गळ्याकडं गेला.

"लीद?"

"घोड्याची, महाराज," चिमा म्हणाली. "तुमच्याच पागेतली. परकी नाही."

मग हैबती पुढं आला. त्यानं हुकूम सांगितला आणि लखूचा हात धरला.

"हुकूम कुणी लिहिला?" चिमानं विचारलं.

प्रधान खाकरले. "लिहिला मी. म्हणजे, स्वारीच्या वाटेवर लिदीची पाटी सांडली होती... आणि महाराज... बसले."

"बसले?"

"घसरून."

मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग आणलं.

"प्रधानजी, एका हातानं हैबतीभाऊंना धरा, दुसऱ्यानं महाराजांना. आणि महाराज, तुमचा मोकळा राहिलेला हात तांब्या कुणाला मारतो?"

"सटव्याला," राजा बोलून गेला.

"मग द्या सटवाभाऊंच्या हातात."

काय होतंय ते कळायच्या आत राजा फेरात उभा होता. एका बाजूला पाणक्या, दुसऱ्या बाजूला प्रधान, समोर कुंभार आणि मोतद्दार. नागपंचमीला बायका धरतात तसा फेर.

"आता यातला पहिला कोण, तो तुम्हीच काढा," चिमा म्हणाली.

राजा सटव्याकडं वळला, तर प्रधान ओढले गेले. प्रधानांकडं वळला, तर सटवा धडपडला. तो सावरायला गेला, तर लखू आणि हैबतीही फरफटले. बघता बघता सगळ्या फेरानं एक गिरकी घेतली. राजाच्या डोक्यावरचा मंदिल कानावर आला.

"बाई," राजा धापा टाकत म्हणाला, "मी एकच मागितला होता."

"एकच आणलाय महाराज. हा सगळा मिळून एक. सुटा करून बघाल, तर कुणीच गुन्हेगार नाही. पाणी मात्र ऊनच राहील."

राजानं डोळे बारीक केले. "यात मीही आलो. मग मला शिक्षा काय?"

"ती तर तुम्ही तीन महिने भोगताय. रोजचे दहा तांबे, ऊन ऊन."

राजा आधी ओठांतल्या ओठांत हसला, मग असा हसला की हात सोडायचंही विसरला, आणि अख्खा फेर गदागदा हलायला लागला. हुकूम तिथंच रद्द झाला, लखूचं चाक वाचलं.

"आता तू माग, काय हवं ते," राजा डोळे पुसत म्हणाला. "सोनं माग, शेत माग."

"एक घोडी द्या, महाराज."

"घोडी? बसणार कोण तिच्यावर?"

"कुणी नाही. पण तुमचे हुकूम आज एक, उद्या दुसरे. घोडीचं तसं नसतं, ती रोज नेमानं देते."

त्याच दुपारी चिमा पागेतून घोडी घेऊन निघाली, आणि राजवाड्यासमोरच्या रस्त्यावर घोडीनं पहिला हप्ता दिलासुद्धा.