वाढलेल्या बांगड्या

"बांगड्या वाढल्यात, तर मग वेळ कशाला हवा? चोर लेकाचा!" रणधवल महाराज गरजले आणि बाळोबा कासाराची रवानगी थेट कोठडीत झाली.

झालं होतं असं. महाराजांनी मोठ्या हौसेनं एक यंत्र आणलं होतं. लोकांनी वेशीवर यंत्राला गाऱ्हाणं सांगायचं आणि यंत्रानं पाल्हाळ गाळून ते दोन ओळींत महाराजांना कळवायचं. त्याचा एक कर्णा वेशीवर, दुसरा दरबारात. महाराजांच्या कानांना तेवढाच आराम! राजकन्येच्या लग्नाच्या बांगड्या घेऊन येताना बाळोबाची गाडी उलटली. आता लग्नघरच्या बांगड्या 'फुटल्या' असं अभद्र कोण बोलेल? बिचारा यंत्राला म्हणाला, "बांगड्या वाढल्या हो! थोडा वेळ द्या."

यंत्रानं कळवलं, "कासाराकडे बांगड्यांची संख्या वाढली आहे. तरी द्यायला वेळ मागतो."

बाळोबाची लेक चिमा धावतच दरबारात आली. "महाराज, यंत्र चुकलंय!"

"खबरदार! आमचं यंत्र चुकत नाही. वाढलेल्या बांगड्या उद्या इथे आण, नाहीतर बाप कोठडीतच म्हातारा होईल!"

"पण महाराज..."

"एक शब्द नको!"

प्रधानजी नुसतेच मिशी कुरवाळत राहिले. लाडक्या यंत्राविरुद्ध बोलून स्वतःची नोकरी कोण घालवणार?

दुसऱ्या दिवशी चिमानं भर दरबारात पोतं उपडं केलं. खळ्ळकन हिरव्या काचांचा ढीग पडला!

"हे काय?"

"वाढलेल्या बांगड्या, महाराज! एकेकीच्या पाच-पाच झाल्यात. यंत्र अगदी खरं बोललं!"

"अगं वेडे, या वाढल्या कुठे? या तर फु..."

पडद्यामागून राणीसाहेब जोरात खाकरल्या. घरात लेकीचं लग्न! महाराजांनी जीभ चावली. "या तर... वाढल्या!"

"मग महाराज, माझे बाबा तरी दुसरं काय म्हणाले?"

महाराज पोट धरून हसत सुटले. "सोडा रे बाळोबाला! नव्या बांगड्याही त्याच्याकडूनच घ्या. आणि पोरी, या यंत्राचं काय करू?"

"माझ्याकडे शिकायला पाठवा. शब्द येतात त्याला, पण लग्नघरात कधी राहिलंय का बिचारं?"

"आजपासून तू यंत्राची पंतोजी! पगार प्रधानांएवढा!" महाराज उठले. "बरं, येतो आम्ही."

यंत्र लगेच ओरडलं, "महाराज येत आहेत! आसन मांडा!"

"पंतोजी," महाराज हसू आवरत म्हणाले, "शाळा आत्ताच भरवा!"